काचवाल्यांचं ‘बघू’

मतदानाच्या दिवशी आमच्या केंद्रावर पहिलं मत कुणाचं पडणार, यावर गल्लीत कधी पैज लागली नाही. पैजेला थोडी तरी शंका लागते. काचवाले दार उघडायच्या आधीच रांगेच्या तोंडाशी उभे असत. दाढी केलेली, अंगात धुतलेला शर्ट, खिशात ओळखपत्र. मागे बायको, तिच्या मागे मुलगा आणि अलीकडे सूनबाईसुद्धा. बाहेर आल्यावर बोटावरच्या शाईवर फुंकर मारायची आणि दुकान उघडायचं, हा क्रम ठरलेला. त्यांनी मत कुणाला दिलं हे कुणी कधी विचारलं नाही. सूर्य कोणत्या बाजूला उगवला हे कोण विचारतं?

या निष्ठेला कारण होतं. तरुणपणी त्यांचं दुकान फुटपाथवर होतं. एक टेबल आणि भिंतीला टेकवलेल्या चार काचा, एवढंच. एकदा ते हटवायला माणसं आली, तेव्हा पक्षाचे एक म्हातारे पुढारी तिथून चालले होते. ते काही न बोलता त्या टेबलावर, काचांच्या मधोमध, मांडी घालून बसले. ‘आधी मला उचला,’ म्हणाले. कुणाचीही छाती झाली नाही. तेव्हापासून काचवाले त्या पक्षाचे. पक्षाच्या कचेरीची काच कुणीही फोडो, बसवणार काचवाले, आणि तीही फुकट. ‘घरच्या खिडकीचं कुणी बिल करतं का?’ असं त्यांचं म्हणणं. कचेरीतल्या सगळ्या पुढाऱ्यांच्या तसबिरीही त्यांच्याच हातच्या. एखादा पुढारी पक्ष सोडून गेला की फ्रेम त्यांच्याकडे यायची, जुना फोटो काढून नवा घालायला. एका फ्रेममधून तीन पुढारी येऊन गेले. फ्रेम तेवढी पक्षात टिकून राहिली.

बिनसलं ते रस्त्यावरून. पाण्याचा पाइप टाकायला आमची गल्ली खणली. पाइप पडला, खड्डे तसेच राहिले, आणि त्यात तो पाइप गळू लागला. आम्ही बाकीचे लोक कपडे सावरत, उड्या मारत जात होतो. काचवाल्यांना उड्या मारून चालण्यासारखं नव्हतं. कोपऱ्यावरच्या न्हाव्यासाठी त्यांनी मोठ्या हौसेने एक माणसाएवढा आरसा तयार केला होता. कडा घासून गुळगुळीत केल्या, मागे पुठ्ठा लावला, जुन्या चादरीत गुंडाळून हातगाडीवर उभा बांधला. दहा पावलांवर चाक खड्ड्यात बसलं. आवाज ऐकून सगळी गल्ली बाहेर आली. काचवाले चादर उलगडून बघतसुद्धा नव्हते. आवाजावरूनच त्यांना किती तुकडे झाले ते कळलं असावं.

त्यानंतर ते काचा मागच्या गल्लीने, लांबच्या वाटेने न्यायला लागले. त्या गल्लीला आम्ही तळ्यात-मळ्यात म्हणतो. तिथली माणसं एका निवडणुकीत या पक्षाकडे, दुसरीत त्या. म्हणूनच की काय, तिथला रस्ता दोनदा नवा झाला होता आणि दिवे असे की जमिनीवर सुई पडली तरी दिसावी. काचवाले त्या गुळगुळीत रस्त्यावरून गाडी ढकलत, आणि ढकलताना त्यांची मान खाली असे.

नळवाला हा आमच्या गल्लीतला पक्षाचा माणूस. धंद्याने प्लंबर, स्वभावाने लाघवी. काचवाल्यांनी त्याला अडवलं.

‘‘काय रे, आपल्या गल्लीचं कधी?’’

‘‘होणार की काका! पण आधी मागची गल्ली सांभाळावी लागते. ती माणसं कधी पलटी मारतील नेम नाही. तुमची काय काळजी? तुम्ही घरचे.’’

‘‘म्हणजे घरच्यांनी लांबून फिरायचं?’’

‘‘काय काका, तुम्ही पण!’’ म्हणून नळवाला मनापासून हसला आणि खड्डा चुकवत निघून गेला.

त्यातच घरात एक काडी रोज पडत होती. सूनबाईंचं माहेर नेमकं तळ्यात-मळ्यात गल्लीत.

‘‘बाबा, काल साहेब आमच्याकडे येऊन गेले,’’ ती वाढता वाढता म्हणाली. साहेब म्हणजे पक्षाचे उमेदवार. ‘‘तिसऱ्यांदा. आईने केलेली भाजी खाऊन गेले.’’

‘‘तुझ्या माहेरच्यांची मजा आहे,’’ काचवाल्यांची बायको म्हणाली. ‘‘रुसलेल्या जावयासारखी बडदास्त ठेवतात त्यांची. आमच्याकडे फक्त फुटक्या काचा येतात.’’

काचवाले जेवणावरून अर्धवट उठले. बायको मागोमाग आली.

‘‘अहो, यंदा खरंच मत नाही देणार का साहेबांना?’’

‘‘नाही असं कुठे म्हटलं मी? एकदा दारात येऊन मागावं, एवढंच. काचवाले, यंदाही द्या म्हणावं. आणि जाताना त्या खड्ड्याकडे एक नजर टाकावी. एवढ्या वर्षांत एकदा. जास्त मागतोय का मी?’’

दुसऱ्या दिवशी ते व्याह्यांकडे गेले. व्याही बस डेपोतून तिकीट क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, दिवसभर गॅलरीत बसणारे.

‘‘व्याही, तुम्ही हे जमवता कसं?’’

व्याह्यांनी आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहून घेतलं. ‘‘एकच शब्द आहे. बघू. हो म्हटलं की माणूस उठून पुढच्या घरी जातो. नाही म्हटलं तरी जातो. बघू म्हटलं की बसतो.’’

‘‘आणि मत कुणाला देता?’’

‘‘ते बघू की.’’

काचवाल्यांना शिकायला मिळालं याचा आनंद झाला. व्याह्यांनी तिथल्या तिथे सराव करून घेतला.

‘‘बघू,’’ काचवाले म्हणाले.

‘‘छे छे, हे तर तुम्ही हो म्हणताय. आवाजात एवढी आपुलकी नको. जरा छताकडे बघत म्हणा.’’

संध्याकाळी नळवाला दुकानात आला. ‘‘काका, परवा सभा आहे. स्टेजवरची मोठी तसबीर पुसून द्याल ना?’’

काचवाल्यांनी छताकडे पाहिलं. ‘‘बघू.’’

नळवाल्यानेही वर पाहिलं. ‘‘काय, पाल आहे का?’’

‘‘पाल नाही रे! यंदा मताचंसुद्धा बघू, असं म्हणतोय मी.’’

नळवाला इतका हसला की त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला. तो थेट कचेरीत गेला. थोड्या वेळाने तिथले दोघे-तिघे दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. ‘‘काका, ते परत एकदा म्हणा ना!’’

काचवाल्यांनी परत म्हटलं नाही. त्यांनी त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं.

मागायला शेवटी आल्या त्या सिस्टर. त्या विरोधी बाजूच्या उमेदवार. सरकारी दवाखान्यात त्यांची हयात गेलेली, गल्लीतल्या अर्ध्या मुलांना त्यांनी सुया टोचलेल्या. त्या निवडून येतील असं त्यांच्या पक्षालाही वाटत नव्हतं, म्हणून बरोबर कुणी नव्हतं. खांद्याला पिशवी लावून, शेजारच्या भिंतीला धरून धरून त्या दुकानापर्यंत पोचल्या.

‘‘काचवाले, मी उभी आहे. मत द्याल का?’’

काचवाले तेव्हा काच कापत होते. सरळ रेघ ओढायची, दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं, टक्, असं त्यांचं काम. कापताना ते एरवी बोलत नसत. पण प्रश्न असा अचानक आला की व्याह्यांची सगळी शिकवणी वाया गेली.

‘‘आम्ही त्यांचे,’’ ते म्हणाले.

‘‘ते माहीत आहे हो सगळ्यांना. म्हणून विचारायचंच नाही का?’’

काचवाल्यांनी स्टूल पुसून पुढे केलं. बायकोने पाणी आणलं. सिस्टर पाणी पिऊन म्हणाल्या, ‘‘निवडून आले तर आधी हा रस्ता. नाही आले तर काठी घेऊन फिरेन, दुसरं काय!’’ आणि पुन्हा भिंतीला धरून निघून गेल्या. काचवाल्यांनी अंगठे दाबले. काच वाकडी तुटली. बायकोने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मतदानाच्या दिवशी केंद्राचं दार उघडलं तेव्हा रांगेच्या तोंडाशी भलताच कुणीतरी उभा होता. काचवाले दुकानात बसून न्हाव्याच्या नव्या आरशाच्या कडा घासत होते. बायको, मुलगा, सूनबाई नटूनथटून दारात उभे.

‘‘अहो, निघायचं ना?’’

‘‘बघू.’’

या वेळी तो शब्द अगदी व्याह्यांसारखा उतरला. छताकडे न बघता.

बातमी कचेरीत पोचायला वेळ लागला नाही. आधी नळवाला धावत आला. ‘‘काका, तब्येत बरी आहे ना? डॉक्टर आणू?’’

‘‘ठणठणीत आहे.’’

‘‘मग मत?’’

‘‘बघू.’’

नळवाल्याने वर छताकडे पाहिलं. तिथे पाल नव्हती. त्याचा चेहरा उतरला.

मग कचेरीचे प्रमुख आले. त्यांनी म्हाताऱ्या पुढाऱ्यांची आठवण काढली. काचवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हातातला घासायचा दगड थांबला नाही. तोवर केंद्रावर कुजबुज सुरू झाली होती. काचवाले आले नाहीत, म्हणजे काहीतरी शिजतंय. ज्यांना कालपर्यंत काही वाटत नव्हतं, तेही मग विचारात पडून घरी बसले. दुपारी गल्लीच्या तोंडाशी साहेबांची मोटार थांबली. आत येणं शक्यच नव्हतं. साहेब कडक इस्त्रीच्या कपड्यांत उतरले, चार पावलं टाकली आणि एक पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेला.

‘‘काचवाले,’’ ते दारात येऊन बूट झटकत म्हणाले, ‘‘काय चुकलं आमचं?’’

या क्षणासाठी काचवाल्यांनी मनात एक भाषण तयार केलं होतं. ते सगळं विसरले. समोर आरसा उभा होता, त्याकडे बघत ते म्हणाले, ‘‘साहेब, हा न्हाव्याकडे पोचवायचाय. एक बाजू धरता का?’’

साहेबांना नाही म्हणता येईना. मोटारीशी आणि गॅलऱ्यांत माणसं जमली होती. त्यांनी धरलं. वरात निघाली. पुढे काचवाले, मध्ये माणसाएवढा आरसा, मागे साहेब.

‘‘डावीकडे खड्डा, साहेब. जपून. आता उजवीकडे. आता दोन्हीकडे आहे, मधून या.’’

‘‘मध्ये दगड आहे हो!’’

‘‘त्याच्यावर पाय द्या. हलतो, पण पडत नाही.’’

‘‘साहेब, वाकू नका, कंबर धरेल!’’ वरून कुणीतरी ओरडलं. घामाने निथळणारा आपला चेहरा साहेबांना आरशात सबंध गल्लीभर बघावा लागला. न्हाव्याच्या दारात आरसा टेकला तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला.

‘‘हे तुम्ही रोज करता?’’

‘‘रोज नाही. एरवी मागच्या गल्लीने जातो. तिथे रस्ता आहे.’’

साहेबांनी रुमालाने मान पुसली. मग खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘मत द्याल ना?’’

‘‘मागताय?’’

‘‘मागतोय.’’

काचवाले हात धुऊन, शर्ट बदलून, घरच्यांना घेऊन गेले. परतताना बायकोने विचारलं, ‘‘कुणाला?’’

‘‘आपल्यालाच. सिस्टरच्या नावाकडे बराच वेळ बघत उभा राहिलो. पण ते म्हातारे काचांमध्ये मांडी घालून बसलेले दिसले गं. हात तिकडे जाईना.’’ थोडं चालून त्यांनी विचारलं, ‘‘तू?’’

‘‘सिस्टरना.’’

‘‘काय?’’

‘‘त्यांनी मागितलं होतं.’’

साहेब निवडून आले, पण जेमतेम. महिनाभरात आमच्या गल्लीत रोलर फिरला. रस्ता असा झाला की हातगाडी एका बोटाने ढकलावी. गल्लीने काचवाल्यांना डोक्यावर घेतलं. त्यांनाही चार दिवस बरं वाटलं.

पाचव्या दिवशी कचेरीची खिडकी फुटली म्हणून ते नेहमीसारखे मापाची पट्टी घेऊन गेले. आत हसणं-खिदळणं चालू होतं. ते शिरताच थांबलं. कुणीतरी लगबगीने खुर्ची दिली, चहा मागवला, साखर किती हे विचारलं. इतकी वर्षं तिथे त्यांची साखर कुणाला विचारावी लागली नव्हती.

‘‘अरे, मी आपल्यालाच दिलं,’’ ते म्हणाले.

‘‘हो हो काका, आम्हाला काही शंका आहे का?’’ नळवाला म्हणाला, आणि या वेळी तो हसला नाही. ‘‘आणि या काचेचं बिल पाठवा बरं का. आठवणीने.’’

काचवाले काच बसवून घरी आले आणि मापाची पट्टी टेबलावर ठेवली. बायकोने काय झालं ते विचारलं.

‘‘परक्यासारखं वागतात गं.’’

‘‘मग? त्यांनी मागावं असं तुम्हालाच वाटत होतं ना? घरच्यांकडे कोण मागतं?’’

‘‘मागायला नकोच होतं. रस्ता तेवढा करायचा होता, आपणहून.’’

‘‘बरं, झाला ना आता?’’

‘‘झाला,’’ काचवाले म्हणाले. ‘‘चांगला झालाय.’’

बिल त्यांनी पाठवलं नाही. नळवाला चार वेळा मागायला आला. दर वेळी काचवाले त्याच्याकडे सरळ बघून म्हणाले, ‘‘घरच्या खिडकीचं बिल नसतं रे,’’ आणि दर वेळी नळवाल्याला वाटलं, काका अजून तळ्यात-मळ्यातच आहेत.