दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. घरात नाही, मित्रांत नाही — आणि ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच. कितीदा तोंडाशी आलं, कितीदा गिळलं. आज तुम्हाला सांगतोय, ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर सांगितलं नसतं. इतकं तरी खरं बोलू द्या.

मी काय केलं? सेटिंग बदलली. कॉम्प्युटर गेमची ग्राफिक्स सेटिंग. हसू आलं ना? मलाही पुष्कळ दिवस असंच वाटायचं — यात कसला गुन्हा? खेळणारा प्रत्येक जण बदलतो. पण थांबा जरा. मी असाच आहे, आडून आडून येतो. सरळ बोलता आलं असतं तर ही वेळच आली नसती.

घोलवडला आमची चिकूची वाडी आहे. चिकू निवडून पेट्या भरायची शेड आणि शेडला लागून एक खोली. त्या खोलीत माझे दोन कॉम्प्युटर होते. बाबा म्हणायचे, या खोलीत कलमं ठेवली असती तर चार पैसे तरी आले असते. मी ऐकायचो नाही. माझा स्वभाव तापट, शाळेपासून कुणाशी फारसं जमलं नाही. जमलं ते एका कल्पेशशी. तो उधव्याचा. कोसबाडला शेतीच्या डिप्लोमाला आम्ही एका बाकावर होतो. त्याची आई आमच्याच शेडमध्ये चिकू निवडायला यायची — मी तिला मावशी म्हणतो, ती मला भाऊ म्हणते. डिप्लोमा झाल्यावर कल्पेश आमच्या घोलवडच्याच एका नर्सरीत कलमं बांधायला लागला. दुपारी सुटला की सायकल टाकून थेट माझ्या खोलीत यायचा. तिथून आईबरोबर घरी.

आम्ही जोडीने खेळायचो. एक मी, एक तो, समोर दुसरी जोडी — शोधायचं आणि टिपायचं. खेळणारा तो होता. मी आपला बडबड्या. पायांचा आवाज ऐकून माणूस कुठे आहे ते तो सांगायचा. मला मात्र समोर उभा असलेलासुद्धा दिसायचा नाही. माझं काम मशीन सांभाळायचं.

आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरची ताकद ठरलेली असते. ती चित्र देखणं करण्यात घालवायची की चित्र भराभर पळवण्यात, एवढाच प्रश्न. सावल्या, गवत, पाण्यातलं प्रतिबिंब सगळं चालू ठेवलं की गेम अडखळतो. बंद केलं की पळतो, पण दिसायला भिकार. मी पळवणाऱ्यांतला. कल्पेश बघणाऱ्यांतला. यावरून आमची रोजची भांडणं. समोरचा गोळ्या घालतोय आणि हा बाबा तळ्याकाठी उभा राहून पाणी बघतोय. मी ओरडलो की म्हणायचा, "बघू तर दे रे. मरायचंच आहे तर बघून मरू." मी त्याला काय काय बोललो असेन, ते इथे सांगण्यासारखं नाही.

आणि एक दिवस तोच म्हणाला, "सावल्या काढून टाक."

मला आनंद झाला. आली एकदाची अक्कल, म्हटलं. सावल्या बंद केल्या, गेम कसा लोण्यासारखा चालायला लागला. मग म्हणाला, ब्राइटनेस वाढव. वाढवला. मग म्हणाला, गवत नको. मग म्हणाला, कोपऱ्यातला तो छोटा नकाशा मध्ये आणता येतो का? मी आणला. प्रत्येक वेळी गेम आणखी पळायला लागला आणि आम्ही आणखी जिंकायला लागलो. मग मी कशाला विचारू की गड्या, का? चाललंय ना बरं.

पण कुठेतरी पाणी मुरतंय हे कळत होतं. कळत नव्हतं असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. खोलीतून बाहेर पडताना तो दाराशी ठेवलेल्या पेटीला अडखळायचा. पेटी रोज तिथेच असायची. एकदा तोंडावर पडला तेव्हा मी हसून म्हणालो, "आंधळा आहेस काय रे?" तोही हसला. असले विनोद चालायचे आमच्यात.

मग मी तपासून पाहिलं. हे सांगायला जड जातंय — माझी चूक नुसती दुर्लक्षाची नव्हती, म्हणून. सरावाच्या मैदानात मी माझा माणूस त्याच्या पडद्यावर डाव्या कडेला दिसेल असा उभा केला आणि गप्प बसलो. तो म्हणाला, "कुठे गेलास?" मी म्हणालो, "शोध." त्याने मान वळवली, सगळी मान, आणि मग म्हणाला, "अरे, इथेच आहेस होय." उजव्या कडेलाही तसंच. मी मोबाइलवर शोधलं. काचबिंदू असं नाव आलं. दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर हळूहळू जाते आणि माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. तरण्या मुलांनाही होतो. लवकर औषध सुरू केलं तर थांबवता येतो. गेलेली नजर मात्र परत येत नाही. मी ते पान बंद केलं.

त्याच्यानंतर मी काय केलं असेल? तुम्ही असता तर काय केलं असतं? नाही, तो प्रश्न विचारायचा मला हक्क नाही. मी काय केलं तेवढंच सांगतो. मी त्याच्या पडद्याचा आकार बदलला. रुंद चित्र कापून मधे चौकोनी केलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. त्याला जेवढं दिसत होतं, तेवढ्यातच अख्खा गेम बसवला. मापाने शिवलेला सदरा जसा बसतो तसा बसला. आणि सोय अशी, की मोठे मोठे खेळाडू खरंच तसं खेळतात. चित्र लहान असलं की मशीनवर भार कमी येतो. त्यामुळे सांगायला कारण तयार होतं. तो म्हणाला, "आता कसं सगळं दिसतंय. आधी काय झालेलं रे?" मी म्हणालो, "मॉनिटर जुना झालाय."

ही माझी पहिली थाप. दुसरी त्याच्या आईशी.

त्या दिवशी मावशी शेडमधून खोलीच्या दारात आली. हाताला चिकूचा चीक लागलेला, म्हणून आत न येता उंबऱ्यावरच उभी राहिली. कल्पेश यायचा होता. म्हणाली, "भाऊ, कल्पेशने काल ताटाजवळचा तांब्या लवंडला. परवा पण लवंडला. त्याचे डोळे बरे आहेत ना? रविवारी उधव्याला शाळेत शिबिर आहे, डोळे तपासून देतात. नेऊ का त्याला?"

तिने मला का विचारलं? मी शिकलेला, शेठचा मुलगा, दिवसभर तिच्या मुलाशेजारी बसणारा, म्हणून विचारलं. तिला वाटलं, याला ठाऊक असणार. आणि मला ठाऊक होतंच की.

रविवारी वापीला जोडीची स्पर्धा होती.

मी म्हणालो, "डोळ्यांना काही नाही मावशी. माझा मॉनिटर खराब होता, त्याने ताण यायचा. मी सेटिंग करून दिलीय. आता बघा, नीट होईल." किती सहज म्हणालो. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. तिचा चेहरा केवढा उजळला. म्हणाली, बरं झालं बाबा, उगाच घोर लागला होता. आणि परत चिकू निवडायला बसली.

पुढच्या रविवारी सांगू, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण आम्ही वापीला जिंकलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कशात तरी जिंकलो. बाबा शेडमध्ये सगळ्यांना कप दाखवत फिरले. कल्पेश माझ्या गळ्यात हात टाकून सगळ्यांना सांगत होता, याच्या सेटिंगमुळे झालं. मग सिल्वासाची स्पर्धा आली. ती झाली की सांगू. मग आणखी एक. दर महिन्याला तो मला म्हणायचा, चित्र अजून थोडं लहान कर ना. आणि मी करायचो. काळ्या पट्ट्या रुंद होत गेल्या. मी त्या माझ्या हाताने रुंद केल्या. त्याची नजर किती उरली हे डॉक्टरच्या कितीतरी आधी मला ठाऊक होतं, कारण तिचं माप मी घेत होतो.

भीती कसली होती? स्पर्धेची? तेवढीच नाही. त्याला दवाखान्यात नेलं असतं तर आधी गेम बंद झाला असता, आणि गेम बंद म्हणजे तो दुपारी यायचा बंद. मी परत त्या खोलीत एकटा. बस, एवढंच. एवढ्यासाठी. आणि आणखी एक आहे, ते बोलायला जीभ रेटत नाही, तरी बोलतो. माझा सख्खा भाऊ असता तर मी त्याच दिवशी त्याला गाडीत घालून मुंबई गाठली असती. कल्पेश माझा भाऊ नव्हता. तो शेडमध्ये काम करणाऱ्या बाईचा मुलगा होता. मी त्याला मित्र म्हणायचो आणि मनातून हे धरून होतो. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं.

कळलं कसं सगळ्यांना, ते सांगतो. तलासरीच्या बाजारात एका टेम्पोतून बांबू बाहेर आलेले होते, त्यांच्यावर तो सायकल घेऊन गेला. भरदिवसा. कपाळ फाटलं. टाके घालणाऱ्या डॉक्टरने विचारलं, अरे, एवढे बांबू दिसले कसे नाहीत? मग वापीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मी गाडी काढली, मीच नेलं. केवढी माझी कळकळ. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू, दोन्ही डोळे, फार पुढे गेलाय. मावशीने विचारलं, ऑपरेशनने निघतो ना? गावात म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू निघतात ते तिला माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, तो वेगळा. उरलंय तेवढं वाचवायचं बघू. आणि मग म्हणाले, वर्ष-दीड वर्ष आधी आणायला हवं होतं.

मी भिंतीकडे बघत होतो. हिशोब मला करायची गरज नव्हती.

उरलेलंही राहिलं नाही. थेंब चालू आहेत, ऑपरेशनही झालं, तरी कमी होतच गेलं. आता त्याला नळीतून बघावं तसं दिसतं, तेही ऊन असलं तर. कलमं बांधायचं काम गेलं. डोळा आणि डोळे यांचंच काम ते — कलमाचा डोळा, म्हणजे कोंब, हाताला लागतो, पण सुरी कुठे चालवायची ते बघावं लागतं. मुलगी बघायला सुरुवात झाली होती, तेही राहिलं. तो घरी असतो, ओट्यावर बसतो. मी रविवारी जातो. तो अजून लोकांना सांगतो, याने सेटिंग करून दिली म्हणून मी तेवढे दिवस तरी खेळलो. मी खाली मान घालतो. लोकांना वाटतं, दुःखाने. चांगला आहे हो भाऊ, म्हणतात, विसरला नाही मित्राला.

मी सांगितलं तर काय होईल? त्याची नजर येईल? नाही येणार. मग सांगून काय उपयोग — हे मी स्वतःला सांगतो आणि मला पटतं. फार लवकर पटतं. सांगितलं तर मावशी आमच्याकडे कामाला येणार नाही, कल्पेश माझा आवाज ऐकून ओट्यावर सरकून जागा करणार नाही. मी अजूनही माझंच बघतोय. तेव्हा जे होतं तेच आहे, काही सुधारलो वगैरे नाही.

गेल्या रविवारी गेलो होतो. कल्पेश झोपला होता. मावशी चुलीशी होती. मला चहा दिला आणि समोर बसली. मग म्हणाली, "ते शिबिर होतं ना, शाळेत. मी त्याला नेलंच नाही. रोज तेच मनात येतं." मी कप खाली ठेवला. ती म्हणाली, "तुझा नाही दोष. तू कॉम्प्युटरचं बघून सांगितलंस, तुला डोळ्यांचं काय ठाऊक. आई मी होते. मला कळायला पाहिजे होतं. माझ्या आळसाने माझ्या पोराचे डोळे गेले." पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी म्हणावं म्हणून बघत होती, तुमचाही दोष नाही असं म्हणावं म्हणून.

मी म्हणालो, "आता काय करणार, मावशी. होतं असं माणसाच्या हातून."