मामांच्या ट्रॅक्टरचा विमा

निर्जीव वस्तू म्हणून जगात काही असतं, हे आमच्या मामांना साक्षात ब्रह्मदेवानं खाली उतरून सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तिसगावच्या घरी दार करकरलं की ‘सांदं धरल्यात बिचाऱ्याचं’ म्हणत ते स्वतःच्या गुडघ्याचं तेल बिजागरीला चोळत. मोट उन्हात राहिली तर तिच्यावर गोणपाट टाकूनच जेवायला बसत. मामी म्हणत, ‘जल्मात कदी माज्या डोक्यावर सावली धरली न्हाई!’

दुसरी मोठी लढाई संपल्यावर मामांनी दोन्ही बैलजोड्या आणि विहिरीवरचा मळा विकून एक छोटा विलायती ट्रॅक्टर आणला. मी तेव्हा नगरला एका विमा कंपनीत कारकून होतो. म्हटलं, ‘मामा, मोडला, चोरीला गेला तर? विमा उतरवा.’ अर्ज मीच भरत होतो. ‘वर्णन’ या शब्दापाशी मामा गंभीर झाले. ‘लिही. सोभावानं गरीब. सकाळच्या पारी वाईच हट्टी, पन मारका न्हाई.’ शेतीच्या कामावर असताना झालेलं नुकसानच भरून मिळेल, ही अट मी त्यांना दोनदा वाचून दाखवली. दोन्ही वेळा त्यांनी मान डोलावली.

पुढं पोळा आला. गोठा रिकामा, पण सण चुकवतील ते मामा कसले! आदल्या संध्याकाळी त्यांनी ट्रॅक्टरच्या नाकाडाला हळद-लोणी चोळलं आणि हात जोडून सांगितलं, ‘आज आवतान घ्या, उद्या जेवाया या.’ दुसऱ्या दिवशी झूल, गोंडे, हे एवढं बाशिंग असा सगळा साज चढवून स्वारी मिरवणुकीत निघाली. बाशिंगाआडून पुढचं काही दिसेना. उतारावर वेग वाढला तसे मामा ब्रेक साफ विसरले आणि हातातलं चाक कासऱ्यासारखं छातीशी ओढत ‘हो! हो रं राजा!’ ओरडत राहिले. राजा ओढ्यात पालथा झाला. मामा आधीच चिखलात फेकले गेले म्हणून वाचले.

भरपाई मिळाली नाही तर पेरणीला ना बैल ना यंत्र, हे मामांनाही कळत होतं. म्हणून मी त्यांना एकच वाक्य पढवून ठेवलं: शेतातून परत येत होतो. पाहणीला आलेले साहेब भले गृहस्थ. चिखलानं माखलेल्या झुलीकडे काणाडोळा करून त्यांनीच विचारलं, ‘शेतातून परतत होता ना, बाबा?’

मामांनी जीभ चावली. ‘पोळ्याच्या दिशी? अवो साहेब, त्या दिशी कुनाच्या मानंवर जू ठिवत्यात व्हय? आवतान देऊन त्याला कामाला जुपला, आसं कसं म्हनू मी?’

साहेबांनी कागद मिटले.

मी असा भडकलो की तडक नगरच्या मोटारीकडे चालू लागलो. मामा लंगडत वेशीपर्यंत मागून आले. ‘आरं, मामीनं भाकर बांदलीया, तेवडी तरी घिऊन जा.’ मी वळलो नाही.

पुढं दोन वर्षं ते लोकांचे बैल मागून आणून शेती करत होते, पण माझ्यापाशी कधी त्या गोष्टीचा उच्चार नाही. मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ती भाकर मी घ्यायला हवी होती.