बाबांची तिसरी सुई

मी लस बनवत नाही. हे सांगून सांगून मी थकले. तलासरीत आमच्या गल्लीत सगळे मला "इंजेक्शनच्या कंपनीवाली" म्हणतात आणि पोराला ताप आला की थेट माझ्या दारात. अहो, मी लस फक्त तपासते! अच्छाडचा नाका ओलांडला की पलीकडे गुजरातेत आमची कंपनी. तिथे कुत्रा चावल्यावर द्यायची लस तयार होते आणि तयार झालेल्या प्रत्येक बॅचमध्ये ताकद किती आहे ते बघायचं, एवढंच माझं काम. पण ताकद बघायची म्हणजे नेमकं काय बघायचं, हे इतकी वर्षं काम करूनही मला कोणाला धड सांगता येत नाही. खरं तर स्वतःलाही नाही.

म्हणजे बघा. वजनाला काटा असतो, तापाला थर्मामीटर. लशीच्या ताकदीला तसलं काही नाही. आम्ही पांढऱ्या उंदरांचे गट पाडतो. काहींना आमची लस देतो, काहींना 'स्टँडर्ड', म्हणजे जिची ताकद आधी ठरलेली आहे अशी जपून ठेवलेली लस. मग सगळ्यांना तो रोग द्यायचा आणि कोण जगतं, कोण मरतं ते पाहायचं. स्टँडर्डच्या उंदरांच्या मानाने आमचे उंदीर किती तगले, त्यावरून गणित मांडून आकडा काढायचा. आता त्या स्टँडर्डची ताकद कोणी ठरवली? तिच्या आधीच्या स्टँडर्डशी ताडून. आणि तिची? तिच्याही आधीच्या. नवीन होते तेव्हा आमच्या लॅबच्या मॅडमना हे विचारत विचारत मी मागे मागे गेले, तर त्या म्हणाल्या, "आता जेवायला जा." मी गेले, पण तो गुंता काही सुटला नाही.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे असतात. घरात आम्ही दोघंच. ते रेल्वेत स्टेशन मास्तर होते. निवृत्त झाले तरी आठवड्यातून एकदा एसटीने डहाणू, तिथून गाडीने वाणगाव, तिथे जुन्या लोकांशी गप्पा आणि येताना पिशवीभर वांगी. वांगी तलासरीतही मिळतात, पण ते त्यांना सांगून उपयोग नाही. तर अशाच एका फेरीत वाणगावच्या बाजारात कुत्रा त्यांच्या पोटरीला चावला. चांगलं रक्त आलं.

फोनवर मी किंचाळलेच. "आधी नळाखाली पाय धरा! साबण लावा आणि धूत राहा!" भाजीवाली म्हणे चुना घेऊन उभीच होती, जखमेत भरायला. त्याच दिवशी इथल्या सरकारी दवाखान्यात जखमेभोवती सीरम टोचून झालं, लशीची पहिली सुई झाली. दुसरीही वेळेवर झाली. मी निर्धास्त होते. आपलंच तर काम आहे, म्हटलं, आपल्याला कोण काय शिकवणार.

दुसऱ्या सुईहून आल्यावर चहा पिता पिता बाबा म्हणाले, "तुमच्याच कंपनीची लस आहे गं." आणि त्यांनी बॅच नंबर सांगितला. अख्खा! आयुष्यभर इंजिनांचे नंबर वाचलेला माणूस तो. सिस्टरने कुपी हातात धरली तेवढ्यात यांनी पाठ केला.

मी कप खाली ठेवला. ती बॅच माझ्याच हातातून गेली होती आणि तिची पहिली चाचणी रद्द झाली होती.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"कुठे काय, काही नाही."

"काही नाही कसं? तोंड बघ जरा आरशात."

इथे एखादी शहाणी बाई ऊन लागलं म्हणून उठून गेली असती. मी समजवायला बसले. आणि लॅबमध्ये आम्हाला एक सवय लागलेली असते. जेवढं मोजलं तेवढंच बोलायचं, तसूभर जास्त नाही. चांगली, छान, जोरदार असले शब्द तिथे कोणी तोंडातून काढत नाही. तीच जीभ मी घरी घेऊन येते. मी सांगितलं की लस नापास झाली नव्हती, स्टँडर्डच्या उंदरांनीच घोळ घातला होता, जगायला हवे होते तेवढे जगले नाहीत, म्हणून ती चाचणी आम्ही धरलीच नाही. पुन्हा केली, त्यात लस व्यवस्थित पास झाली. सरकारी प्रयोगशाळेनेही पाहिली.

"म्हणजे पोरगा नापास नाही, परीक्षाच रद्द?"

"अगदी बरोबर!"

"कारण मास्तरांनाच येत नव्हतं?"

"हो. म्हणजे... तसं नाही, बाबा."

"बरं. मला लागू पडेल ना?"

मी म्हणाले, "आकडा मर्यादेच्या वर आहे."

कपाळ माझं! म्हाताऱ्या बापाला कुत्रा चावलाय, तो साधं हो की नाही विचारतोय आणि मी त्याला मर्यादा सांगतेय. बाबांनी चहा संपवला आणि कप विसळून ठेवला.

तिसऱ्या सुईच्या सकाळी ते दारासमोरच्या ओट्यावर वालाच्या डाळिंब्या सोलत बसले होते. चला म्हटलं, तर मान वर न करता म्हणाले, "मी येणार नाही."

मला आधी थट्टाच वाटली.

"रेल्वेचा नियम आहे," ते म्हणाले. "सिग्नल नीट दिसत नसेल, शंका आली, तर तो लालच धरायचा. गाडी उभी करायची. अख्खी नोकरी मी त्यावर काढली."

"बाबा, ही गाडी नाही! इथे थांबलात तर थांबण्यानेच अपघात होईल!"

"असेल. पण शंका मी तुझ्या तोंडावर बघितली."

"मग दुसऱ्या कंपनीची आणू. डहाणूला मेडिकलमध्ये मिळेल, आत्ता जाऊन आणते."

"त्या कंपनीतही तुझ्यासारखी कोणीतरी असेलच की. तिचे उंदीर कसे वागले ते मला कोण सांगणार?"

खरंच, कोण सांगणार? आणि तेवढ्यात कंपनीची बस हॉर्न मारायला लागली. मी तशीच उठून बसमध्ये जाऊन बसले. कुत्रा चावलेल्या बापाला सोडून का गेले, ते मला आजही कळलेलं नाही. बहुधा तिथे गेल्यावर कोणीतरी नीट सांगेल असं वाटलं असावं.

नाक्यावर नेहमीसारखी ट्रकांची रांग होती. बस हलेना आणि माझं डोकं थांबेना. पास म्हणजे काय? उंदीर जगले. बाबा काय उंदीर आहेत? पण उंदीर जगले म्हणूनच तर माणसं जगतात ना? मग मी एवढी घाबरले कशाला? लशीवर माझा विश्वास नाही की माझ्या हातावर नाही? मला रडूच कोसळलं. शेजारची बाई म्हणाली, "शुं थयुं, बेन?" तिला वाटलं मला बस लागली. तिने पर्समधून आवळासुपारी काढून दिली आणि मी ती खाल्ली.

मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "रिपोर्ट काय म्हणतो?"

"पास."

"मग?"

"ते विचारतात, लागू पडेल का."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपल्या रिपोर्टमध्ये तो रकाना नाही," त्या म्हणाल्या. मग तो पुसत म्हणाल्या, "माझे वडील असते तर मी हाताला धरून ओढत नेले असते. पण हे मी तुला लिहून देणार नाही." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मिळेल त्या रिक्षाने परत निघाले.

बाबा अजून ओट्यावरच. डाळिंब्या सोलून झाल्या होत्या, नुसतेच बसले होते. मी चप्पलही काढली नाही. "हा रोग एकदा सुरू झाला की माणूस हाती लागत नाही, बाबा! मी रोज बघते!"

"उंदरांत."

"हो, उंदरांत! पण मरताना बघते ना?" माझा आवाज फाटला. शेजारणीने खिडकीतून डोकावून पाहिलं. बघू दे, म्हटलं. "आणि मला एक सांगा, सिग्नल बिघडला की तुमची गाडी काय जन्मभर तिथेच उभी राहायची?"

ते चमकले. "छे! तसं कसं चालेल? मास्तर ड्रायव्हरला सही करून कागद देतो. मग हळूहळू गाडी पुढे काढायची."

"कोणाच्या जबाबदारीवर?"

"मास्तरच्या," ते म्हणाले. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "काही ड्रायव्हर कागद वाचतसुद्धा नसत. नुसतं आमच्या तोंडाकडे बघायचे."

"मग बघा माझ्याकडे. लागू पडेल. आकड्याचं सोडा, मी सांगतेय, माझ्या जबाबदारीवर."

कुठल्याही बॅचबद्दल मी आजवर असं बोलले नव्हते. कशाच्या जोरावर बोलले देव जाणे. तोंड मात्र मी दगडासारखं ठेवलं होतं. बाबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग मांडीवरची सालं झटकली आणि उठून चपला शोधायला लागले.

दवाखान्यात सिस्टर करवादल्या, "आजोबा, सकाळी यायचं ना! मी काय तुमच्यासाठी बसून राहू?" त्यांनी दोन्ही दंडांवर टोचलं. या वेळी बाबांनी कुपीवरचा नंबर वाचला नाही. पुढे ठरल्या दिवशी शेवटची सुईही झाली, काही वाद न घालता.

संपलं म्हणता येईल. मॅडम म्हणतात, संपलं. पण हा रोग कधी कधी महिनोन्‌महिने दबा धरून बसतो आणि मग एक दिवस माणसाला पाण्याचा घोट जात नाही, नुसतं पाणी पाहून घसा आवळतो. हे मला माहीत आहे, हाच तर घोटाळा आहे. लस लागू पडली की नाही, हे समजायची खूण एकच, काहीही न होणं. आणि काहीही होत नाही हे रोज नव्याने बघावं लागतं. म्हणून सकाळी डबा भरताना मी स्वयंपाकघराच्या दारात रेंगाळते. बाबा उठतात, तोंड धुतात, माठातून पेला भरतात आणि पितात. त्यांना कळत नाही असं मला वाटत होतं.

परवा त्यांनी पेला भरला आणि मला हाक मारली. समोर उभं केलं. एका दमात सगळं पाणी प्यायले, थोडं सदऱ्यावर सांडलं. मग पेला उपडा करून मला दाखवला.

"उद्याही पिऊन दाखवतो," ते म्हणाले. "जा आता, बस चुकेल."