सोनईतलं पहिलं कीर्तन

माझे वडील शाळामास्तर. सुट्टीच्या दिवशी ते गावोगाव ख्रिस्ती कीर्तनं करायचे. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बोलायलाच बंदी केली. सोनईचं कीर्तन तर आधीच ठरलेलं. त्यांनी पाटीवर लिहून माझ्यापुढं धरलं, 'तू कर.'

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, शिक्षिकेचं ट्रेनिंग घेत होते. लहानपणापासून त्यांच्यामागे टाळ धरल्यामुळं सगळी कीर्तनं तोंडपाठ. पण शाळेच्या गॅदरिंगमध्ये एकदा गायला उभी राहिले होते, तेव्हा पहिल्याच ओळीनंतर मी पडद्यामागे पळाले होते. त्यानंतर चार माणसांपुढं उभं राहायचं नाव काढलं नव्हतं.

"पपा, मला नाही जमणार," मी म्हटलं. त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा तेच लिहिलं.

तो आठवडा मी एका जागी बसले नाही. भिंगारच्या आमच्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत पदं म्हणायची, मध्येच अडले की पुन्हा पहिल्यापासून. आई म्हणाली, "अगं, जरा टेक तरी. तुझ्याकडं बघून मलाच धाप लागते."

सोनईत लिंबाखाली सतरंजी अंथरली होती. बाजाराचा दिवस, खडी फोडायच्या दुष्काळी कामाला सुट्टी, त्यामुळं बायका खूप आल्या होत्या. पपा पेटीवर बसले. मी पद म्हटलं. बायबलमधली सासू-सुनेची कथा सुरू केली, सासूचं दुष्काळानं गाव सुटलेलं, दोघीही विधवा. सून म्हणते, 'तुम्ही जाल तिथं मी येईन,' इथवर आले आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. पपांनी पेटीवर सूर दिला. पुन्हा दिला. मी पळून जायला वळलेच होते.

तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पोरी, पानी पी. आमी कुटं पळून चाललोय?"

बायका हसल्या. कुणीतरी तांब्या दिला. पाणी पिऊन मी कशीबशी पुढं निघाले, आणि मग थांबायचीच भीती वाटायला लागली. आख्यान नुसतं पळवलं. निम्मी पदं गाळली, शेवटची प्रार्थना म्हटली आणि खाली बसले. घामानं पोलकं अंगाला चिकटलं होतं.

पपा पेटी बंद करत होते. बायका काही उठेनात. तीच म्हातारी सरकत माझ्याजवळ आली.

"आन् त्या सुनंचं पुढं काय झालं? तू सांगितलंच न्हाई."

खरंच, शेवटच राहिला होता! मी तिथंच मांडी घालून सांगायला लागले. ती परक्या शेतात कापणीमागं सांडलेली कणसं वेचते, शेतमालक गड्यांना मुद्दाम मूठ-मूठ सांडायला सांगतो. "लई शाना गडी," एक जण म्हणाली. दुसरीनं विचारलं, "सासू जेवली का पन?" एकेक बाई जवळ सरकत होती. मी विचारलेलं सांगत सांगत सुनेच्या त्या मालकाशी झालेल्या लग्नापर्यंत आले, मध्येच एक पदही म्हटलं. उन्हं उतरली तेव्हा लक्षात आलं, बराच वेळ मी कुठं अडलेच नव्हते.

पुढं मी पुष्कळ कीर्तनं केली. उभं राहायच्या आधीच्या येरझाऱ्या कधीच सुटल्या नाहीत. फक्त सुरुवातीला मी लोकांना सांगून ठेवते, कुठं अडले तर विचारा.