तांदळाच्या पोत्यावरचा गालिचा

आमच्या घरात गरम पाण्याच्या टाकीभोवती बांधलेलं एक अरुंद कपाट आहे. टाकी तापली की कपाटही आतून कोमट होतं. इथली माणसं त्याला हॉट प्रेस म्हणतात आणि त्यात टॉवेल, चादरी, धुतलेले मोजे ठेवतात. माझी बायको त्यात साड्या ठेवायची. आयर्लंडमधल्या आमच्या या गावी, रिंगास्किडीला, बंदरावरून येणारा वारा इतका दमट, की आमच्या पहिल्याच हिवाळ्यात साध्या कपाटातल्या सुती साड्यांवर बुरशीचे ठिपके पडले होते. तेव्हापासून टॉवेल जिन्याखाली गेले आणि साड्या टाकीशेजारी ऊब घेत बसल्या. घडी उघडली की कापडाला माणसाच्या अंगाची असावी तशी ऊब लागायची.

२०२० साली हिवाळ्याच्या तोंडावर ती गेली. आजार लांबला होता, त्यामुळे अचानक काही झालं असं म्हणता येणार नाही. तरी ती गेल्यावर घरातल्या सगळ्याच वस्तू पाहुण्यासारख्या वागू लागल्या. हॉट प्रेस मात्र तापतच होतं. टाकीला कोण सांगणार?

नाशिकहून ताईचे, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, रोज फोन यायचे. "गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत रे. कुणाला तरी देऊन टाक. ती पोरगी रोज बघते ना ते?"

पोरगी म्हणजे आमची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती इथल्या हेल काढलेल्या इंग्रजीत देते. जानेवारीत मी साड्या, कुर्ते, ओढण्या पिशव्यांत भरल्या आणि आम्ही दोघं गावातल्या जुन्या कपड्यांच्या धर्मादाय दुकानात गेलो. दुकान बंद होतं. दारावर कागद चिकटवला होता: टाळेबंदी उठेपर्यंत काही घेणार नाही, कृपया पिशव्या बाहेर ठेवू नयेत. आम्ही त्या परत गाडीत टाकल्या. येताना मुलीने एक पिशवी मांडीवर घेतली होती.

"त्या परत हॉट प्रेसमध्ये जाणार?" तिने इंग्रजीत विचारलं.

"बघू," मी म्हणालो. तिला 'बघू'चा अर्थ चांगला माहीत होता. तिने पिशवीला पट्टा लावल्यासारखे दोन्ही हात गुंडाळले.

पिशव्या आत नेताना शेजारच्या आजींनी पाहिलं. त्यांच्या आणि आमच्या परसांच्या मध्ये एक बुटकी दगडी भिंत आहे. त्या वर्षभरात आमचं सगळं बोलणं त्या भिंतीवरूनच झालं.

"बंद आहे ना दुकान?" त्या म्हणाल्या. "माझ्याकडेही माझ्या नवऱ्याची जाकिटं पडून आहेत. आमच्या आईच्या वेळी असं काही दुकानात जायचंच नाही. कोट फाटला की त्याचा गालिचा."

"कोटाचा गालिचा?" मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"चिंध्यांचा. पोत्यावर. सोपं असतं, तू शिकलेला माणूस आहेस, पण तरी जमेल तुला." स्वतःच्या विनोदावर त्या खोकेपर्यंत हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा भिंतीवर ठेवला आणि चार पावलं मागे सरकल्या. चिमट्याची स्प्रिंग काढून त्याचा एक पाय त्यांनी सुरीने तासून टोकदार केला होता. एवढंच हत्यार. पोतं मात्र हवं होतं, तागाचं, विरळ विणीचं. ते आमच्याकडे निघालं. जवळच्या कॉर्क शहरातल्या भारतीय दुकानातून आणलेलं बासमतीचं पोतं बायकोने कधीतरी घडी करून ठेवलं होतं, 'लागेल कधीतरी' या खात्यात. त्याच्यावर एक निळा हत्ती छापलेला होता.

कृती त्यांनी भिंतीपलीकडूनच दाखवली. कापडाची बोटभर लांब पट्टी घ्यायची. पोत्याच्या उलट बाजूने चिमट्याचं टोक घुसवून तिचं एक तोंड खाली ढकलायचं. शेजारी दुसरं भोक पाडून दुसरं तोंड ढकलायचं. गाठ नाही, शिवण नाही, डिंक नाही.

"मग ती निसटत नाही?"

"एकटी असेल तर निसटते. शेजारी आल्या की कुठे जाईल?"

हे मला फार आवडलं. माझा पेशा औषध कारखान्यातल्या तपासण्यांचा आणि त्यांच्या कागदपत्रांचा. एखादी गोष्ट का टिकते हे मला नेहमीच पडलेलं कोडं. त्या रात्रीच्या जेवणानंतर मी पोत्याच्या एका कोपऱ्यात माझ्याच जुन्या सदऱ्याच्या पट्ट्या घालून पाहिल्या. पहिल्या पाचसहा बोटाने ओढताच निघाल्या. दाटी झाल्यावर मात्र ओढून निघेनात. तागाचे धागे बाजूला सरायला जागाच उरली नव्हती.

आणखी एक गंमत अशी, की काम करणाऱ्याला आपलं काम दिसत नाही. तुम्ही उलट बाजूने भोसकत राहता, फुलतं ते खाली, दुसऱ्या बाजूला. आम्हाला दिसायचा तो हत्ती, भोकं पडत चाललेला.

आम्हाला म्हणतोय, कारण मुलीने त्यात लगेच हात घातला. आणि तिनेच ठरवलं की हा गालिचा तिच्या पलंगाशेजारी ठेवायचा.

त्याला कारण होतं. सकाळी तिला उठवायला आई जायची. आधी ती पलंगाच्या कडेला बसायची. मग मुलीने वाकून जमिनीला हात लावायचा, आणि आपण तुझ्यावर पाय ठेवतोय, माफ कर, असं धरणीला सांगणारा तो लहानपणी आपण सगळ्यांनी म्हटलेला श्लोक म्हणायचा. मग आई मोजे चढवायची आणि त्यानंतर पाय जमिनीवर. आई गेल्यावर मुलगी सकाळी पलंगावरून उतरेना. जागी असायची, छताकडे बघत. शाळा तेव्हा पडद्यावर भरत होती. शिक्षिका हजेरी घ्यायच्या आणि हिच्या चौकोनात नुसती उशी दिसायची. मी समजावलं, रागावलो, मोजे घेऊन बसलो. ती म्हणायची, "फरशी गार आहे." फरशी गार होतीच. पण मला कळत होतं की प्रश्न फरशीचा नव्हता.

आता ती म्हणत होती, आईच्या कपड्यांचा गालिचा असेल तर मी उतरेन.

पहिली साडी कापायला मला दोन दिवस लागले. कात्री घेऊन बसायचो आणि मग दुसरंच काहीतरी करायचो. शेवटी मी प्रयोगशाळेतल्या सवयीने सुरुवात केली. कापड काय आहे हे आधी ठरवायचं. प्रत्येक कपड्याचा एकेक धागा काढून तो चिमटीत धरून मेणबत्तीवर नेला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राखाडी राख फुंकरीने उडते. लोकर जळक्या केसांसारखा घाण वास मारते. पॉलिएस्टर आक्रसतं आणि त्याचा काळा कडक मणी होतो. मुलगी नाक धरून शेजारी बसली आणि वासांना गुण देत होती.

मग आली हिरवी साडी. पुण्यातल्या दुकानदाराशी तासभर हुज्जत घालून बायकोने ती 'शंभर टक्के कॉटन' म्हणून घेतली होती. मी दुकानातच शंका काढली होती, तर ती म्हणाली होती, "तुम्ही औषधं बघा, कापड मला कळतं." पुढे कितीतरी वर्षं ती साडी नेसली की ती पदर माझ्यापुढे धरून म्हणायची, "बघा, हात लावून बघा. आहे की नाही कॉटन?"

धागा ज्योतीवर नेला. तो जळला, आणि टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा काळा मणी धरून बसला. दुसरा धागा घेतला. पुन्हा मणी. निम्मी तरी पॉलिएस्टर होती.

मी मोठ्याने हसलो. मुलगी दचकली. मला ताबडतोब खाली जाऊन कुणालातरी सांगायचं होतं, आणि स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. इतक्या वर्षांच्या वादात मी जिंकलो होतो आणि जिला ऐकवायचं तीच नव्हती. मुलीलाही मी तेव्हा काही सांगितलं नाही. मणी बशीत ठेवला. मग कात्री चालवली.

फेब्रुवारीभर आम्ही भोसकत राहिलो. कापडांचे स्वभाव कळत गेले. जुनी सुती साडी सरळ रेषेत फाटते, टर्र असा आवाज करत. कात्रीने नुसती सुरुवात करून द्यायची. रेशीम रुसून निसटतं, त्याला दोन सुती पट्ट्यांच्या मध्ये बसवावं लागतं. तिचा धुऊन धुऊन आटलेला लोकरीचा कार्डिगन उसवत नाही, फक्त फुगतो. मुलगी प्रत्येक पट्टी आधी पायाच्या अंगठ्याखाली घासून बघायची आणि मग कुठे घालायची ते सांगायची. मऊ मधे, खरखरीत कडेला.

ताईला मी व्हिडिओवर दाखवलं.

"केमिस्ट्रीत डॉक्टरेट केलीस ती पायपुसणी करायला?" ती आधी हसली. मग तिचा आवाज बदलला. "हे खाली घालणार तुम्ही? तिच्या साड्यांवर पाय देणार?"

"आईने नाही का जुन्या लुगड्यांची पायपुसणी केली?"

"ती आईची स्वतःची होती, आणि आई तेव्हा घरात हिंडत होती. हिचं वेगळं आहे. अरे, कागदाला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. पोरीला काही शिकवणार आहेस की नाही?"

मी म्हटलं, इथे असंच करतात. पण फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की ताईने माझ्याच मनातलं बोलून दाखवलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर मुलीचे पाय येत नव्हते, माझे येत होते.

भिंतीवरून मी आजींना विचारलं, तुमच्या आईच्या गालिच्यात कुणाचे कोट होते?

"एक माझ्या वडिलांचा. ते गेले त्याच हिवाळ्यात केला. शेकोटीपुढे असायचा."

"आणि तुम्ही त्याच्यावर चालायचात?"

"चालायचो, लोळायचो. कुत्राही."

"काही वाटायचं नाही?"

"वाटायचं ना. कुत्रा निम्मी जागा घ्यायचा, त्याचा राग यायचा." त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि विषय बदलला.

मार्चच्या सुरुवातीला गालिचा पुरा झाला. कडा दुमडून शिवल्या आणि आम्ही तो पहिल्यांदा पूर्ण उलटला. हिरवा, विटकरी, जांभळा, मधेच जरीची एखादी ठिणगी. दाट, जाड, एखाद्या केसाळ जनावरासारखा. मुलीने दोन्ही हात त्यात मनगटापर्यंत खुपसले.

आणि मी तो भिंतीवर लावला. तिच्या पलंगासमोर, चार खिळे ठोकून. तिला म्हणालो, इथून तुला उठल्याउठल्या दिसेल. किती छान दिसतोय बघ.

तिने बघितलं. "इट्स ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे'. इथे रडू आलेलं माणूसही तेच म्हणतं.

दोन दिवसांनी आजींनी परसातल्या भिंतीवरून वर खिडकीकडे हात केला. "वाळत घातलायस का तो?"

"नाही, लावलाय."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि आपल्या कांद्यांकडे वळल्या.

मुलगी तरीही सकाळी उतरेना. गालिच्याकडे तोंड करून पडून राहायची. शाळा आता खरोखरीची उघडणार होती; उशी पाठवून तिथे भागणार नव्हतं. तिच्या खोलीतल्या त्या भिंतीकडे बघत मी रोज स्वतःला सांगत होतो की हे योग्य आहे, आणि रोज मोजे हातात घेऊन उभा राहत होतो.

शाळेच्या पहिल्या दिवशी तिला उठवायला जिना चढलो तर खोलीतून पुटपुटणं ऐकू आलं. दार अर्धवट उघडं होतं. भिंतीवर चार खिळे होते, दोन वाकलेले. गालिचा खाली होता. ती पलंगाच्या कडेला बसून, वाकून, हात त्याच्या दाटीत ठेवून श्लोक म्हणत होती. उच्चार सगळे कॉर्कचे, शेवटची ओळ अर्धी गिळलेली. ती हात कपाळाला लावून उठली आणि अनवाणी पाय तिने त्यात ठेवले. घोट्यांपर्यंत बुडाले.

मला पाहून ती दचकली नाही. पण खिळे वाकवल्याबद्दल ओरडा बसेल असं तिला वाटलं असावं. तिने आधीच, नेहमीच्या इंग्रजीत, बाजू मांडली. "सॉरी म्हटलं मी त्याला. आई म्हणायची, आधी सॉरी म्हणायचं आणि मग उभं राहायचं. उभं राहायचंच नाही असं नव्हती म्हणत."

मी तो श्लोक आयुष्यभर म्हटला होता. म्हणून झाल्यावर प्रत्येक वेळी जमिनीवर पाय ठेवलाच होता.

ती एका बाजूला सरकली. "बाबा, युअर टर्न. सॉक्स ऑफ."

मी मोजे काढले. खाली बसून हात लावला, जे म्हणायचं ते म्हणालो आणि उभा राहिलो. सुती पट्ट्या लगेच ऊबदार लागल्या. डाव्या अंगठ्याखाली मात्र काहीतरी गुळगुळीत आणि गार आलं. खाली बघायची गरज नव्हती.

"ही हिरवी साडी," मी म्हणालो. "तुला एक सांगायचं राहिलंय." आणि मी तिला तो पुण्याचा दुकानदार, ती हुज्जत, तो पदर आणि बशीतला काळा मणी, सगळं सांगितलं.

तिने तोंडावर हात ठेवला. हसू बोटांच्या फटींतून बाहेर आलं. मग तिने पायाने ती हिरवी पट्टी शोधून दाबून धरली आणि कुजबुजली, त्या दिवशी चक्क मराठीत:

"आईला नको सांगू हं."