शंकाकाकांचा स्विच

शंकाकाकांचा वाऱ्यावरसुद्धा विश्वास नव्हता. शीळफाट्याच्या पुढे एका माळावर आम्ही काही जण रविवारी सकाळी मॉडेल विमानं उडवतो. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून बांबूला लाल फीत बांधलेली असते. काका आधी फितीकडे बघत, मग डोळे मिटून जोरात श्वास घेत. मानपाड्याच्या केमिकल कंपन्यांचा वास आला की म्हणत, "हां, फीत खरं बोलतेय."

डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर मीटर तपासले होते. "काटा काहीही दाखवेल. पाइपाशी जाऊन बघावं लागतं," असं ते सांगत. निवृत्त झाल्यावर तो संशय त्यांनी जसाच्या तसा आमच्या माळावर आणला.

विमानाच्या ट्रान्समीटरवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर, ड्युअल रेटचा एक स्विच असतो. तो वर असला की स्टिकला, म्हणजे बोटांनी हलवायच्या दांडीला, विमान एका तऱ्हेने ऐकतं, खाली असला की दुसऱ्या. मधल्या भागात स्टिक किती मऊ असावी, याचा वळणदार आलेखही प्रत्येक बाजूला वेगळा भरता येतो. त्याला आम्ही एक्स्पो म्हणतो. फार मऊ केलं, तर स्टिक मधल्यामध्ये हलली तरी विमानाला पत्ता लागत नाही. काकांचा नियम असा, की उडवण्याआधी स्विच दोन्हीकडे टाकून पंखांच्या पट्ट्या हलवून दाखवायच्या. ते विमानामागे उकिडवे बसत. "वर करून दाखव. आता खाली. स्विच कुठे आहे आता? बघू नकोस, सांग."

मी दुसऱ्या कंपनीचा ट्रान्समीटर घेतला, तेव्हा जुन्यातलाच एक्स्पोचा आकडा त्यात भरला. काकांनी स्टिक जराशी ढकलली आणि पट्टी ताडकन उठली. या कंपनीत मऊ करायला अधिक नाही, उणे भरावं लागत होतं. "आकडा काय म्हणतो ते सोड, पट्टी काय करते ते बघ," म्हणत त्यांनी तो बदलला. मग स्टिक पुन्हा पुन्हा हलवून माझ्याकडे बघत राहिले.

"तुला एवढं मऊ पुरतं?"

"पुरतं की."

"हं," ते म्हणाले. त्या 'हं'मध्येही मला संशयच ऐकू आला.

स्वतःच्या ट्रान्समीटरला मात्र ते कुणाला हात लावू देत नसत. पडदा पोटाशी धरून, आमच्याकडे पाठ करून त्यांचं काय ते चालायचं. सगळ्यांना स्विच टाकायला लावणारा हा माणूस स्वतःचा स्विच कधी टाकून दाखवत नसे. आणि सत्तरी उलटलेली, चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागे, तरी विमान मात्र गवतावर मांजर बसावं तसं उतरवत.

"जायरो बसवलाय, दुसरं काय!" आमच्यातला निनाद म्हणाला. जायरो म्हणजे विमान आपोआप सरळ ठेवणारं यंत्र. ते वापरणाऱ्याला काका पायलट म्हणत नसत, 'पॅसेंजर' म्हणत. "आपल्याला ज्ञान देतो आणि स्वतः चीटिंग. एकदा उघडून बघायला पाहिजे रे."

मलाही ते पटायला लागलं होतं. काका पाणी प्यायला गेले की माझी नजर त्यांच्या विमानाच्या पोटाकडे जायची. मला जे येत होतं ते त्यांनीच शिकवलेलं. तेच खोटे निघाले तर माझ्याकडे काय उरलं, या विचाराने माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग एका रविवारी विमान हवेत असताना त्यांनी मला हाक मारली. "इकडे ये. घे."

"काय घेऊ?"

"रेडिओ घे रे. लवकर."

त्यांच्या हातात ट्रान्समीटर थडथडत होता आणि वर विमान डुगडुगत होतं. मी तो घेतला, स्टिक उजवीकडे दिली. काहीच झालं नाही. आणखी दिली, तरी नाही. आणखी दिली आणि विमान एकदम कोलांटी खाऊन उलटं झालं.

"काका, मधे काहीच नाहीये हो!"

"नाहीच आहे. हात थरथरतो, म्हणून मधलं सगळं मारून टाकलंय. आता थरथर तेवढ्यातही मावत नाही. स्विच खाली कर."

मी केला. विमान जागं झालं, सरळ झालं, आणि माझ्याच विमानासारखं वळायला लागलं. उतरवताना आपटलं, पण चाकांवर उभं राहिलं. जायरो-बियरो काही नव्हता.

"ही खालची बाजू कुणासाठी ठेवलीत?"

"तुझ्यासाठी. त्या दिवशी तुझे आकडे बघून ठेवले होते. माझ्या हातांचा काय भरवसा?"

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू विमान सोडून माझ्या हातांकडे बघत बसला असतास."

मला रडू आलं. मी ट्रान्समीटर पुढे केला, तर त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. "राहू दे तुझ्याकडेच," म्हणाले. स्विच कुठे आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

काही रविवार ते खुर्चीत बसून आमची विमानं बघायला आले. पुढे तेही जमेना, आणि गेल्या थंडीत काका गेले.

त्यांचं विमान मीच उडवतो. स्विचची वरची बाजू मी पुसलेली नाही. नियमाप्रमाणे उडवण्याआधी स्विच वर करतो, स्टिक मधल्यामध्ये हलवतो. पट्ट्या हलत नाहीत. थोडा वेळ तसाच उभा राहतो, मग स्विच खाली करतो.