गप्प राहून वाचणारे

दोन हजार नऊ साल असावं. मी घुग्घुसकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीत सर्व्हेअर होतो. गावात सायबर कॅफे निघाला आणि नोकरीधंद्यातल्या माणसांना एकमेकांशी जोडणाऱ्या एका साइटवर मीही नाव टाकलं. पहिलं आमंत्रण मॅनेजर साहेबांना धाडलं. आमच्याकडे लग्नाची पत्रिका आधी मोठ्या माणसाच्या हाती देतात. त्याला वगळलं तर अपमान. साहेबांनी ते स्वीकारलं आणि मी महिनाभर हवेत होतो.

हळूहळू ऐंशी लोक झाले. त्यांची मी मनाशी वर्गवारीही केली होती. काहीही टाका, ‘छान’ म्हणणारे. बायोडाटा पाठवून नोकरी मागणारे. यंत्रं विकायला टपलेले. आणि कधीच तोंड न उघडणारे. या शेवटच्यांना मी बिनकामाचे समजायचो. माणसानं अक्कल तरी किती पाजळावी!

आमच्या पाळीला ठेकेदाराचा एक टिंबर मिस्त्री होता, छताला लाकडी टेकू देणारा. वयानं मोठा, तरी मला भाऊच म्हणायचा. त्यानं खाणीतल्या एका गॅलरीत, म्हणजे बोगद्यात, छताला लोखंडी सब्बल ठोकून दाखवली. आवाज बद्द, पोकळ येत होता. छत सुटलं होतं. वर दोनदा सांगितलं, कोणी ऐकत नाही, असं तो म्हणाला. मी ते साइटवर लिहिलं आणि उपाय विचारला. खाणीचं नाव टाळलं, त्याचंही टाळलं. ‘आमच्या पाळीतला जुना मिस्त्री सांगतो’ एवढंच लिहिलं. पाळीत मिस्त्री एकच होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चाळीसेक जणांनी शाबासकी दिली. साहेब गप्प. चौथ्या दिवशी त्या गॅलरीत नवे टेकू लागले, त्याचा मला कोण आनंद झाला. पाचव्या दिवशी ठेकेदारानं मिस्त्रीला गेटवरूनच परत पाठवलं.

मी त्याच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. तो चिडला नाही, तेच मला सोसवेना. त्या ऐंशी लोकांत आपल्या खाणीतलं कोण आहे, एवढंच त्यानं विचारलं. मी म्हटलं, फक्त साहेब.

“त्यायनं काई लिवलं का?”

“नाई.”

“मंग वाचलं तं त्यायनंच, भाऊ. बाकीच्यायनं नुसतं पाह्यलं.”

त्याच्या बायकोनं माझ्यापुढे चहा ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्याचा त्या घराला काय उपयोग? माझी नोकरी शाबूत होती. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पाळीला वेळेवर खाली उतरलो.